मामीच्या हातची कॅसेट

मामा,

मशीनच्या खोलीत मी रोज सकाळी जाते, झाडून घेते आणि माघारी येते. कॅसेटच्या मशीनवरचं कापड उचलत नाही. दवाखान्यात तुम्ही माझ्याशी शेवटचं बोललात ते त्या कापडाबद्दलच होतं. "कापड टाकलं का गं मशीनवर? धूळ बसंल." मी म्हणाले, टाकलंय मामा. तुम्ही डोळे मिटले. मला वाटलं, झोपलात.

इतक्या वर्षांची ओळख, आणि शेवटचा शब्द धुळीचा निघाला, याचं मला वाईट वाटत नाही. तुमचं-माझं निम्मं बोलणं धुळीवर आणि निम्मं बुरशीवरच झालेलं आहे. पण त्या दिवशी मला एक विचारायचं होतं. नळ्या लावलेल्या माणसाला हे कसं विचारू, म्हणून गप्प बसले. आता ते न विचारलेलं माझ्या छातीवर येऊन बसलंय. भाकरी खाताना बसतं, अंघोळीला गेले की तिथं बसतं.

मामीची कॅसेट लावू, का नको?

याचं उत्तर एवढ्यात का पाहिजे झालं, ते सांगते. करमाडहून तुमच्या अस्थी सावडून आम्ही पुंडलिकनगरच्या घरी आलो, तेव्हा तुमच्या लेकीला, वैशालीताईंना, तेराव्याला ठेवायला तुमचा फोटो पाहिजे होता. पुण्याहून आल्यापासून त्यांचे डोळे सुजलेलेच होते. त्यांनी कपाट धुंडाळलं, मोबाइल धुंडाळला. सापडला तो आधार कार्डावरचा. त्यात तुम्ही कुणाची तरी कोंबडी चोरून पकडले गेल्यासारखे दिसता. वैशालीताई आधी हसल्या आणि मग एकदम खाली बसल्या.

"अख्ख्या तालुक्याची लग्नं काढली या माणसानं," त्या म्हणाल्या. "आणि यांचा एक व्हिडिओ नसावा घरात?"

कॅमेरा ज्याच्या खांद्यावर, तो चित्रात कसा येणार? लोकांच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना मी तुम्हाला शेकडो वेळा ऐकलंय. "नवरीची मावशी, जरा बाजूला व्हा," "ए पोरा, लाइटच्या पुढून हल," असं. ऐकलंय, पण बघितलेलं नाही. एका लग्नात तुमची सावली मांडवाच्या कनातीवर पडली होती. ती तुम्हीच मला कौतुकानं दाखवली होती.

मग वैशालीताई म्हणाल्या, "आईनं एकदा काढला होता बाबांचा. मी लहान होते. अंगणात. नवीन कॅमेरा आला होता तेव्हा. ती कॅसेट कुठं असेल गं, सगुणा?"

मला माहीत होतं कुठं आहे. लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, मामीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली. मी म्हणाले, "आहे." एवढा एक शब्द बोलले आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

कारण ती कॅसेट मी बघितलेली आहे, मामा. बाहेरून. तिच्या काचेतून आत बघितलं की फितीच्या कडेला पांढरं दिसतं, जोंधळ्याच्या पिठाची बोटं लागल्यासारखं. ते पीठ नाही. ती बुरशी आहे, आणि फितीत चांगली आत शिरलेली आहे. अशी फीत मशीनमध्ये घातली की एक तर चालते, नाही तर मशीनच्या हेडला, फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि तिच्यावरचा मुलामा खरडून निघतो. त्या मुलाम्यातच माणसं असतात. एकदा खरडली की गेली. दुसऱ्यांदा लावायला काही उरतच नाही. हे मला तुम्हीच शिकवलं, आणि शिकवून निघून गेलात.

आपलं भांडण दर पावसाळ्यात ठरलेलं. हवा ओली झाली की मी कपाट उघडून ती कॅसेट उजेडात धरायची आणि तुमच्याकडं यायची.

"मामा, वाढायली बुरशी."

"आता बोलायलीस की आमच्यावाणी," तुम्ही विषय बदलायचा. "आलीस तवा 'वाढतीया' म्हणायचीस."

"मामा, खरंच. यंदा उतरवून घेऊ."

"न लावलेली कॅसेट खराब नसती, सगुणे. लावल्यावरच कळतं."

"आमच्यात मेंढीची लोकर वेळेवर कातरली नाही तर आत किडं पडत्यात."

"ती काय मेंढी हाय?"

"मग काय आहे?"

इथं तुम्ही उठून जायचा. चहा टाकायला नाही तर पाण्याचा वाल्व बंद करायला. प्रश्न तिथंच. गेल्या आषाढात मात्र तुम्ही उठला नाहीत. स्टुलावर बसून राहिलात आणि म्हणालात, "तुझं खरं हाय. पण माझ्याच्यानं व्हायचं नाय." मी पुढं बोलले नाही. मला वाटलं, अजून खूप पावसाळे आहेत.

माझ्या हातून व्हायचं आहे का मामा? हे तुम्ही सांगितलं नाहीत. 'मी गेल्यावर लाव' म्हणाला असता तर मी लावली असती. 'लावू नको' म्हणाला असता तर वैशालीताईंच्या पाया पडून नाही म्हणाले असते. तुम्ही मला मोकळं सोडून गेलात आणि मोकळं सोडलं की मला वाट सुचत नाही.

भित्री आहे मी, हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. आम्ही सांगोल्याच्या पलीकडची माणसं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचो ते पाऊस लागल्यावर घरी. पाचवीत शाळा सुटली ती तशीच, कुणी सोडवली नाही, मागं राहून गेली. लग्न झालं, ह्यांना शेंद्र्याला कंपनीत काम लागलं आणि तुमच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्यानं आलो. मला इथलं काहीच माहीत नव्हतं. रिक्षावाल्याचं हिंदी कळायचं नाही. हे ड्यूटीला गेले की मी दार लावून बसायची. दार उघडं ठेवायला शिकले तेसुद्धा माहेरहून आणलेल्या लोकरीचा गुंता आत उजेडात दिसेना म्हणून.

मी पायरीवर बसून तो गुंता सोडवत होते. तुम्ही पुढच्या खोलीतून आलात. हातात एक कॅसेट, आणि तिच्यातून फीत अशी बाहेर लोंबत होती, जशी बोकडाची आतडी. तुम्ही माझ्या हातांकडं बघत उभे.

"दोरा तोडत नाहीस का गं तू?"

मी म्हणाले, "तोडला की गाठ पडती. गाठीची घोंगडी अंगाला टोचती."

तुम्ही ती कॅसेट माझ्या मांडीवर ठेवलीत. "हे सोडव बरं. एका पोरीच्या बारशाची हाय. मशीननं खाल्ली."

मी हातसुद्धा लावीना. तुम्ही म्हणालात, "घाबरायलीस कशाला? फीत हाय, साप नाय." मी घाबरत घाबरत संध्याकाळपर्यंत सोडवली. एकही घडी मोडू दिली नाही. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला आजपर्यंत कुणी बोललेलं नाही. "भित्र्या माणसाच्या हातून फीत तुटत नाय. मला असंच भित्रं माणूस पाहिजे होतं." जन्मभर ज्या गोष्टीसाठी आईपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांचं ऐकून घेतलं, तिचा कुणाला तरी उपयोग आहे, हे मला त्या दिवशी कळलं. याचे उपकार कुठल्या भाषेत मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

कॉम्प्युटरवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "वाचतीस कशाला? तोंड ओळख. कळपातल्या मेंढ्या ओळखतीस ना?" मग लाल गोल म्हणजे उतरवायला सुरुवात, कात्री म्हणजे कापायचं, पट्टीवरचा तो पिवळा तुकडा म्हणजे आवाज. कळपात नवी मेंढी आली की घाबरायचं, चार दिवसांत तीही ओळखीची. मी तशीच शिकले.

आणि शिकवता शिकवता तुम्ही किती हसवायचात. सिल्लोडच्या त्या आजीबाई आठवतात? मुलाच्या लग्नाची कॅसेट त्यांनी देवघरात ठेवली होती. दर दसऱ्याला हळद, कुंकू, अक्षता. आपण स्क्रू काढून कॅसेट उघडली तर आत कुंकवाचा सडा, आणि चाकाच्या दातात तांदळाचा दाणा. तुम्ही तो चिमट्यानं काढून हातावर ठेवलात आणि आजींना म्हणालात, "आई, नवरदेवाच्या डोक्यावरच्या अक्षता कॅसेटीतून खाली पडल्या बघा." आजींनी तो दाणा खरंच पदराला बांधून नेला. त्या गेल्यावर मला म्हणालात, "हात जोड मशीनला, पण कुंकू लावू नको. लावशील तर तुझ्यासकट तिला दर्ग्यावर नाय तर देवळात, कुठं तरी सोडून येईन." तरी मी दर खंडेनवमीला पुढच्या पायरीवर कुंकू लावायचीच. तुम्ही बघून न बघितल्यासारखं करायचा.

आणि तो चेहरे साफ करणारा नवा प्रोग्राम. बदनापूरच्या पोरानं हट्ट केला, आजीचा चेहरा एकदम क्लिअर पाहिजे. आपण क्लिअर केला. त्यानं आजोबांना आणून बसवलं, आणि आजोबा म्हणाले, "ही कोण?" त्या आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. मशीनला ते फितीवरचे डाग वाटले, त्यानं सगळे पुसले. तुम्ही तिथल्या तिथं जुना चेहरा परत आणलात, पडद्यावर वळवळणाऱ्या मुंग्यांसकट. आजोबा पुढं सरकून बसले. "आत्ता," म्हणाले. त्या दिवसापासून तुम्ही मला कमी पुसायला शिकवलंत.

मामीबद्दल मात्र तुम्ही बोलायचा नाहीत. मी आले त्याच्या खूप आधी त्या गेल्या होत्या. एकदाच, कुणाच्या तरी हळदीची कॅसेट उतरवताना, स्क्रीनकडं बघत बघतच म्हणालात, "लग्नसराई होती. ती म्हणायची, दुखतंय. मी म्हणायचो, व्हईल बरं. तारखा घेतलेल्या होत्या." एवढंच. पुढची हळद आपण उतरवून संपवली.

तर मामा, मी कॅसेट कपाटातून काढली.

तुम्ही शिकवलं होतं ते सगळं केलं, एक पाऊल चुकू दिलं नाही. तोंडाला फडकं बांधलं. तांदळाच्या डब्यात कॅसेट ठेवून तिच्यातली ओल आधी जाऊ दिली. मग स्क्रू काढले. झाकण उचललं तशी ओल्या भिंतीसारखा वास आला. चाकावर हात ठेवायच्या आधी मी हात मांडीखाली दाबून बसले. मग स्पिरिटचा बोळा घेऊन, हातानं चाक फिरवत फिरवत, फितीची कड पुसत गेले. बाहेरचे वेढे निघाले स्वच्छ. आतल्या वेढ्यांची बुरशी निघता निघेना. जोर लावला तर फीत ताणणार, नाही लावला तर बुरशी राहणार. मी राहू दिली. पुसून चुकण्यापेक्षा न पुसून चुकावं असं वाटलं. हे बरोबर केलं का, ते मला सांगणारं आता कोणी नाही.

त्यात आपल्या मशीनचं हेड झिजलेलं. तेवढ्यात दारात भंगारवाले जब्बारभाई. तुमच्यासाठी जुने व्हीसीआर बाजूला काढून ठेवणारे. काखेत एक मशीन, आणि डोळे लाल.

"मामा के वास्ते रखा था," म्हणाले. "आने को देर हो गई मेरेकू."

मी आत घ्या म्हणाले. ते पायरीवरच बसले. तुमच्या रिकाम्या स्टुलाकडं बघून म्हणाले, "इत्ते साल मेरेसे मशीनां लिया, एक बार भी बोल्या नहीं की जब्बार, ये वाला अच्छा है. हमेशा बोलता, 'कचरा है, पर दे.'" मग स्वतःच हसले, आणि डोळे पुसत मशीन माझ्याकडं दिलं. "ये कचरा नहीं है, बहन. देख लेना."

ते खरंच कचरा नव्हतं. दुसऱ्या एका फालतू कॅसेटवर मी ते चालवून बघितलं. चित्र स्वच्छ. आता माझ्याकडं न लावायला कुठलंच निमित्त उरलं नाही, आणि त्यानं भीती अजून वाढली.

भरदुपारी लावली. वैशालीताई तुमच्या स्टुलावर बसल्या. पंखा बंद केला, धूळ उडू नये म्हणून. आपल्या भागातली लाइट कधी जाईल भरवसा नाही, म्हणून इन्व्हर्टरचा दिवा दोनदा बघितला. मध्येच लाइट गेली तर मशीन फीत पोटात घेऊन बसणार. मी लाल गोल दाबला. कॅसेट आत ढकलली. आतून चाकं फिरल्याचा आवाज आला.

पडदा काळा.

वैशालीताईंनी माझ्याकडं बघितलं. "गेलं का गं सगळं?"

मला वाटलं, झालं. माझ्या हातानं मी मामांना खरडून काढलं. पण मग माझ्या लक्षात आलं, पडद्यावर मुंग्या नाहीत. फीत खराब असती तर मुंग्या आल्या असत्या. कोरी असती तर निळं आलं असतं. हे काळं होतं, गच्च, स्थिर. कॅमेऱ्यानं टिपलेलं काळं. मी म्हणाले, "ताई, काहीतरी आहे यात." आणि आवाज आला.

"दिसायलं का?"

तुम्ही होता, मामा. तरुण. आवाजात पाणी होतं.

"नाय. काहीच दिसंना." ही मामी. मी पहिल्यांदाच ऐकत होते. वैशालीताईंनी माझं मनगट धरलं.

"काहीच कसं दिसंना? भर उन्हात उभा हाव. डोळा नीट लाव."

"लावला की. काळं दिसायलं नुसतं."

"तुला बघताच येईना. लाल दिवा लागला का?"

"लागला."

"मग झालं! धर तशीच. हलू नको. मी तिकडून चालत येतो, तू नुसती बघत राहा."

चपलांचा आवाज लांब गेला. एका लहान पोरीचा आवाज, "बाबा, मी पण येते!" आणि लांबून तुम्ही, "तू मधी नको. सगळ्यांचं काढून झालं, आज माझा नंबर हाय." वैशालीताईंनी तोंडावर हात ठेवला. त्या हसत होत्या का रडत होत्या, मला बघायला सवड नव्हती. माझे डोळे मशीनवर होते.

"कसा दिसायलो?" लांबून तुम्ही.

"पोट आत घ्या."

"आँ? दिसंना म्हणलीस न तू?"

"दिसंनाच. पण माहीत हाय मला."

आणि मामी हसल्या. मामा, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत त्या अशा हसायच्या म्हणून. बांगड्याही हसल्यासारख्या वाजल्या. कॅमेरा जड असणार, त्यांचा श्वास अगदी जवळ येत होता, कानाला लागल्यासारखा. वैशालीताई श्वास धरून तो श्वास ऐकत होत्या.

"आता खरंच हात दुखायला," मामी म्हणाल्या. "आणि दिसंना ते दिसंनाच. येऊन बघा की हो जरा."

"थांब, आलो. बघू काय दिसंना तुला."

आणि तुम्ही चालत यायला लागलात. चपला जवळ यायला लागल्या. त्याच वेळी मशीननं आवाज बदलला.

तो आवाज मी ओळखते. कुणीतरी पत्र्यावरून नख ओढावं तसा, आधी बारीक. आतल्या वेढ्यांची बुरशी हेडपर्यंत पोचली होती. तुमचा नियम होता, आवाज बदलला की त्या क्षणी थांब, विचार करत बसू नको, जेवढं मिळालं तेवढं देवाचं. माझं बोट बटनावर गेलं. वैशालीताईंनाही कळलं. "थांबव, सगुणा," त्या म्हणाल्या. "आवाज मिळाला दोघांचा. पुरे. तुटू देऊ नको."

बटन दाबलं असतं तर पुढची फीत वाचली असती. कधीतरी पुण्या-मुंबईत कुणी मोठ्या मशीनवाल्यानं ती नीट काढलीही असती. न दाबलं तर कदाचित सगळंच चिकटणार होतं. हे मला तेव्हा समजत होतं, पूर्ण समजत होतं. पण तुम्ही चालत येत होता, मामा. माणूस घराकडं चालत येत असताना त्याच्या तोंडावर दार कसं लावायचं?

मी बोट बटनावर ठेवलं आणि दाबलं नाही. वैशालीताई ओरडल्या, "सगुणा!"

मशीन किंचाळत होतं. त्याच्यावरून तुमचा आवाज आला, अगदी पुढ्यात. "डोळा लावायचा म्हणजे... आगं..."

पडदा पांढरा झाला. पांढऱ्यात आधी एक हात, मोठा, धुरकट. मग चेहरा. तुमचा. काळ्या मिशा, कपाळाला घाम, तोंड अर्धं उघडं, आणि मोठे झालेले डोळे. हातात भिंगावरचं टोपण.

आणि मग मुंग्या. मशीननं कॅसेट पोटात घट्ट धरली आणि ते आपोआप बंद पडलं.

मी उतरवणं थांबवायचा लाल चौकोन दाबला. कॉम्प्युटरवरची थांबा म्हणणारी गोल चकती फिरत राहिली, फिरत राहिली. कॉम्प्युटर कधी कधी तिथंच अडकतो आणि उतरवलेलं सगळं गिळतो, हेही तुम्हीच दाखवलेलं. वैशालीताईंनी विचारलं, "आलं का?" मग चकती थांबली. नवी फाइल दिसली. मी तिच्या तीन प्रती केल्या, तीन जागी ठेवल्या, तरी विश्वास बसेना म्हणून चौथी त्यांच्या मोबाइलवर टाकली. मग फरशीवर बसले.

कॅसेट गेली, मामा. फीत हेडला चिकटली आहे. मी अजून ती सोडवलेली नाही. जब्बारभाईंचं मशीनही त्यात अडकलंय. तुम्ही असता तर मला बोलला असता, का नसता बोलला, ते मी रोज एकदा एका बाजूनं ठरवते आणि एकदा दुसऱ्या.

वैशालीताईंनी तो चेहरा परत परत लावायला सांगितला. जेमतेम डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकतो, त्यामुळं एकेक चित्र थांबवून बघावं लागलं. "बाबा कशाला घाबरायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "मी असे कधीच बघितले नाहीत." मी बघत होते. टोपण काढायला विसरलेल्या कसबी माणसाची ती फजिती नव्हती. फजितीचा चेहरा वेगळा असतो. 'ती इतका वेळ सांगत होती आणि मी ऐकलं नाही,' हे कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता. तेव्हा साधी गोष्ट होती, अंगणातली. दोघं नंतर हसलेच असणार. पण पुढं ती एकदा 'दुखतंय' म्हणाली आणि तुम्ही 'व्हईल बरं' म्हणालात. त्यानंतर ही कॅसेट तुम्ही कशी लावणार होता? तुम्हाला बुरशीची भीती नव्हती, मामा. मी उगीच इतकी वर्षं बुरशीवर भांडले. 'घाबरायलीस कशाला' म्हणणारा माणूस एवढी भीती घेऊन पुढच्या खोलीत राहत होता, आणि मी मागच्या खोलीत राहून मला ते कळलं नाही.

यात समाधान आहे का, मला सांगता येत नाही. थोडं सोबतीसारखं वाटतं, एवढं खरं.

तो चेहरा वैशालीताईंनी छापून, चौकट करून घेतला. मी म्हणाले, जरा साफ करून देऊ का, कडेला मुंग्या आहेत. त्या नको म्हणाल्या. तेराव्याला करमाडच्या घरी, पाटावर, हार घालून तोच ठेवला. पुढं तुमच्या आवडीची भजी आणि पुरणपोळी. सगळं गाव येऊन नमस्कार करत होतं आणि दचकत होतं. हार घातलेली माणसं शांत असतात. तुम्ही डोळे फाडून समोरच्याकडं बघत होता.

तुमच्या थोरल्या बहिणीला, कमळाआत्याला, दोघींनी धरून आणलं. त्यांना कमी दिसतं. त्या पाटाजवळ वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या, आणि मग चिडून मागं वळल्या.

"असला कसला गं फोटो लावला? माझा भाऊ काय असा होता का? जरा बरा काढलेला एक पण नव्हता व्हय घरात?"

मी मागं उभी होते. वाटलं, आता वैशालीताई मला पुढं करतील, कॅसेट तुटल्याचं निघेल, सगळं निघेल.

वैशालीताईंनी हाराचं एक फूल तुमच्या कपाळावरून बाजूला केलं.

"आत्या," त्या म्हणाल्या, "हा आईनं काढलाय."